दगडावरची कोरी जागा

भिलाई-३ च्या रेल्वे फाटकाकडून आमच्या टोलीत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याची शेड लागते. बाहेर ग्रॅनाइटचे तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात आणि आत एक बाई नाकातोंडाला ओढणी बांधून दगडावर अक्षरं काढत बसलेली असते. ती मी, वंदना. दुकान बापाचं, धंदाही बापाचाच. दारावरच्या पाट्या, देवळातल्या देणगीदारांची नावं आणि पुढाऱ्यांच्या भूमिपूजनाचे दगड. पुढाऱ्यांवर माझं पोट चालतं, त्यामुळे त्यांना मी नावं ठेवत नाही. एवढंच सांगते, की रस्ता दोन पावसाळ्यांत वाहून जातो आणि माझी पाटी तिथंच उभी असते.

करणी, भानामती, अंगात येणं, यांतलं मला काहीच पटत नाही. टोलीत कुणाच्या अंगात आलं की मी सरळ विचारते, बाई, देवी घरची भांडी घासायच्या वेळेलाच बरी येते तुझ्याकडे. त्यामुळे मला बोलावत नाहीत, आणि तेही बरंच आहे. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

आमची टोली म्हणजे बहुतेक भंडारा-गोंदियाकडची घरं. आजे-पणजे धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, सोडून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये कामाला आले आणि इथंच राहिले. चौकात कडुनिंबाखाली सिमेंटचा चौथरा आहे आणि चौथऱ्यात एक काळा दगड उभा आहे. आसपासच्या गावांतून फौजेत गेलेल्या आणि परत न आलेल्या जवानांचा तो स्मृतिस्तंभ. माझ्या वडिलांनी, चंपत मिस्त्रींनी, तो घडवला. वर चार नावं आहेत. त्यांच्याखाली अर्धाअधिक दगड रिकामा होता.

हा रिकामेपणा आमच्या धंद्यात बसत नाही. नावं संपली की खाली वेल काढायची, कमळ काढायचं, काहीच नाही तर दोन आडव्या पट्ट्या मारायच्या, पण दगड बंद करायचा, असं जुने मिस्त्री सांगतात. का, ते कुणी सांगत नाही. वडील वेल काढायला बसले तेव्हा स्मारक समितीचे माणिकभाऊ आडवे आले. प्लांटमधले चार्जमन, टोलीत त्यांच्या शब्दाला मान. मी तिथंच पाणी मारायला उभी होते.

"जागा राहू द्या, चंपतभाऊ," माणिकभाऊ म्हणाले. "पुढं कामी पडन. दरवेळी नवा गोटा कावून आणायचा?"

वडिलांनी छिन्नी खाली ठेवली. "कामी पडावी अशी इच्छा हाय का तुमची?"

"तसं नाही बापा. पण टोलीतले पोट्टे भरती होऊनच राहिले ना. सोय पाहून ठेवा लागते."

सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. आमच्या माणसांची सवयच ती. घर बांधताना पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सळ्या उभ्या सोडतात आणि मग तीस वर्षं त्यांना कपडे वाळत घालतात. वडिलांनी मान खाली घालून हत्यारं गुंडाळली. पुढे बरीच वर्षं दगड तसाच राहिला, वडीलही गेले, आणि दर सव्वीस जानेवारीच्या आधी दगड धुऊन अक्षरांत रंग भरण्याचं काम माझ्याकडे आलं.

या जानेवारीत मी सकाळीच बादली घेऊन गेले. धुकं नुकतंच विरलं होतं, ऊन तिरपं येत होतं. ओल्या दगडावरून फडकं फिरवलं आणि चौथ्या नावाखाली मला खरवडल्यासारखं काही दिसलं. मान तिरपी करून वाचलं.

शहीद अंकुर शालिकराम.

अंकुर माझ्या घरापासून तिसऱ्या घरातला. सिंधुताईचा एकुलता एक. बाप शालिकराम आजारपणात गेला, त्याच्यामागे तिनं शिवणकामावर पोराला वाढवलं आणि तो फौजेत गेला. वर्ष झालं, उत्तरेत बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर होता. धडधाकट, जिवंत. मागच्याच पंधरवड्यात त्याच्याशी मी फोनवर बोलले होते. मावशी, तुझ्या हातची झुणका-भाकर पाहिजे म्हणत होता.

मला भीती वाटली नाही. राग आला. कुणा दारुड्यानं खिळ्यानं ओरखडलं असणार, त्याचे हात मोडायला पाहिजेत, हे पहिलं मनात आलं. मग मी वाकून नीट पाहिलं. अक्षरं अगदी पातळ होती, पण वेडीवाकडी नव्हती. 'र' चा पाय मी जसा जरासा लांब सोडते, तसाच सोडलेला होता. 'अ' ची गाठ माझीच होती. अक्षर माझं होतं.

कुणाला काही न बोलता मी दुकानातून पॉलिशचं मशीन आणलं आणि ते नाव घासून सपाट केलं. तळव्यानं चाचपून पाहिलं, काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं होतं. आता नख अडकत होतं. दगडाच्या पायथ्याशी, चौथऱ्यावर, करड्या भुकटीची बारीक रेघ पडली होती. ताजा दगड कोरला की पडते तशी भुकटी. मी ती बोटावर घेतली आणि बराच वेळ चोळत राहिले.

मग माझं आणि त्या दगडाचं जुंपलं. मी डिंक आणि दगडाची पूड कालवून नाव बुजवलं, तर सकाळी ती लापी सालपटासारखी सुटून खाली पडलेली. मी वडिलांचं राहिलेलं काम पुरं करायचं ठरवलं आणि मोकळ्या जागेत चांगला रुंद वेल काढला, मध्ये कमळ. दुसऱ्या दिवशी वेल नाही, कमळ नाही, जागा आरशासारखी गुळगुळीत आणि नाव तेवढं जास्त खोल. दगडाला नक्षी नको होती.

दुपारी मी स्टूल टाकून समोर बसले. म्हटलं, कोण येतं ते बघतेच. चौकात ऊन होतं, पलीकडे यार्डात डबे जोडल्याचे आवाज येत होते, कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. दगडाजवळ कुणी नव्हतं. बाटलीतलं पाणी प्यायला मी मान वर केली आणि खाली पाहिलं तेव्हा नावातून भुकटी ओघळत होती. मी उठून दगडावर हात ठेवला. आमच्या दुकानात मी एका बाजूनं छिन्नी मारायचे तेव्हा वडील दुसऱ्या बाजूनं दगड धरायचे. तेव्हा त्यांच्या हाताला जे जाणवत असेल ते मला जाणवलं. कुणीतरी पलीकडून काम करत होतं. मी वळसा घालून मागे गेले. मागे कडुनिंबाची सावली होती आणि एक बकरी.

"वंदना! हे काय करून ठेवलं तू?"

माणिकभाऊ होते. त्यांनी नाव वाचलं होतं, अक्षर ओळखलं होतं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. "जित्त्या पोराचं नाव? डोकं फिरलं का तुह्यं?"

"हात लावा, भाऊ," मी म्हणाले. "मी इथं उभी आहे, माझे हात बघा आणि तुम्ही दगडाला हात लावा."

त्यांनी लावला. मग हात काढून घेऊन ते चौथऱ्यावर बसले. म्हणाले, "पंडितले बोलावू. शांती करू."

तेवढ्यात सिंधुताई आली. बाजारातून येत होती, हातात मेथीच्या जुड्या डोकावणारी पिशवी. आम्हा दोघांचे चेहरे बघून ती थांबली, मग दगडाकडे पाहिलं. वाचून झाल्यावर तिनं पिशवी हळूच खाली ठेवली.

मी खोटं बोलू शकले असते. कुणा टवाळाचं नाव घेतलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता. पण तिच्या पोराचा जीव होता तो, आणि तिला ठाऊक नाही असं काही त्याच्याबाबत मला ठाऊक असणं मला सहन होईना. मी पहिल्या सकाळपासून सगळं सांगितलं.

"किती खोल हाय?" तिनं विचारलं.

"रंग धरेल एवढं नाही अजून."

"धरन कवा?"

"असंच चाललं तर परवा-तेरवा."

तिनं फोन काढला. अंकुरचा लागत नव्हता. आठ दिवस लागत नव्हता, हे तिनं आम्हाला तेव्हा सांगितलं. युनिटच्या नंबरवर कुणीतरी हिंदीत म्हणालं, मौसम खराब आहे माताजी, वरच्या चौकीशी संपर्क नाही, काळजी करू नका. तिनं फोन पदराच्या टोकाला बांधला.

"सिंधू, शांती करू," माणिकभाऊ म्हणाले. "नारळ फोडू, दगडाले हात जोडू."

"याले?" ती इतक्या जोरात ओरडली की कोंबड्या पळाल्या. "माह्या पोराचं नाव मले न विचारता लिहिते, अन् मी याले हात जोडू? नाही जोडत. वरच्या चार पोरांले जोडीन, ते आपले होते. याले नाही." मग शांत होऊन तिनं विचारलं, "जागा कोणी ठेवली होती?"

माणिकभाऊ चौथऱ्यावरून उठले आणि दोन पावलं मागे सरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची कीव आली.

"ठेवली तं ठेवली," सिंधुताई म्हणाली. "आता भरून टाकू. वंदना, याले वेल नाही पाहिजे म्हणते ना तू? नावंच पाहिजे ना? देऊ मंग नावं. जित्त्या बायांची देऊ. पोटभर."

संक्रांतीचा आठवडा होता. टोलीत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू. शालिकराम गेल्यापासून सिंधुताईला कुणी बोलावलं नव्हतं. विधवेला बोलावत नाहीत, आणि विधवा तर कुणाला बोलावतच नाही. त्या संध्याकाळी ती हातात कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार फिरली. "उद्या सकाळी माह्याकडे हळदीकुंकू हाय. चौकात. सगळ्यांनी या."

राधाबाई टोलीतली सगळ्यात म्हातारी. तिनं दारातच विचारलं, "सिंधू, तुले चालते का हे?"

"मले नाही चालत," सिंधुताई म्हणाली. "पण त्या गोट्याले तरी कुठं चालते, ते पाहू."

कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं. सकाळी मी हातात धरून कोरायचं मशीन, वायरचं भेंडोळं आणि मशीनच्या टोकाला बसवायचे असतील तेवढे बिट घेऊन पोचले तेव्हा चौकात सतरंजी अंथरलेली होती. पहिली आली ती हर्षा, माणिकभाऊंची नवी सून. तुळशीच्या लग्नानंतर लग्न होऊन आलेली, निम्मं हिंदी बोलणारी. तिच्यामागे राधाबाई काठी टेकत. मग समीक्षा, कीर्ती, आणि मग घराघरातून बायाच बाया, नव्या साड्या नेसून. मला रडू येत होतं आणि ओढणी तोंडाला बांधलेली होती हे बरं झालं.

सिंधुताईनं स्वतः एकेकीला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ आणि स्टीलची वाटी दिली. आमच्याकडे हळदीकुंकवाला बाई नाव घेते, म्हणजे उखाण्यात गुंफून नवऱ्याचं घेते. कीर्ती सवयीनं सुरू झाली, "महादेवाच्या पिंडीवर..."

"त्याचं नाही," सिंधुताई म्हणाली. "तुह्यं सांग. अन् गोट्याकडे पाहून सांग."

पहिलं नाव सिंधुताईचंच होतं. तिनं बोट ठेवलं ते बरोबर अंकुरच्या नावावर. "इथंच. यालेच खोडून."

मी मशीन लावलं. बिट घसरला. परत लावला, परत घसरला. काळ्या ग्रॅनाइटवर असं होतं कधी कधी. तिसऱ्यांदा जोर दिला तर बिट तुटून माझ्या मनगटाला चाटून गेला.

दगड तापला होता. सावलीतला दगड, जानेवारीतला.

नवा बिट बसवला आणि 'सि' ची वेलांटी धरली. माझ्या मशीनखाली त्याचं नाव अजून खोल जात होतं. मला दिसत होतं ते. मी वरून जेवढं कापत होते, तेवढंच खालून कुणी कापत होतं.

"थांबू नको," सिंधुताई म्हणाली. तिनं पंजा दगडावर ठेवला. चटका बसला असणार. तिनं हात हलवला नाही.

सिंधू. मोठं, ठसठशीत. अंकुरचं नाव त्याच्याखाली दबलं.

"राधा," काठी आपटत राधाबाई म्हणाली. किती वर्षांनी म्हणाली कोण जाणे. स्वतःच्याच नावानं तिला हसू आलं.

"समीक्षा."

"कीर्ती."

नावं येत राहिली, मी कोरत राहिले. बारीक अक्षरांत, ओळ सोडून ओळ, कडेपासून कडेपर्यंत. हात बधिर झाले. कुणीतरी पाणी पाजलं, कुणीतरी मनगटाला फडकं बांधलं. दगडाची थरथर हातातून खांद्यात, खांद्यातून दातांत येत होती. उन्हं उतरली तेव्हा अगदी तळाला, चौथऱ्याच्या सिमेंटला लागून, एकच नाव मावेल एवढी जागा उरली होती.

"हर्षा," ती म्हणाली. "मेरा बड़ा लिखना, दीदी."

मोठं लिहायला जागा नव्हती. बोटाची सालं सिमेंटला घासत मी ते लिहिलं. शेवटचा काना ओढला आणि मशीन बंद केलं.

थरथर थांबली होती.

दोन दिवसांनी, भर दुपारी, सिंधुताईच्या पदरातला फोन वाजला. आम्ही तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत होतो. तिनं तो स्पीकरवर टाकला. पलीकडे अंकुर होता. आवाज घोगरा, कुठल्याशा लष्करी इस्पितळातून. बर्फाचा कडा चौकीवर कोसळला होता. तो खाली गाडला गेला होता आणि लोकांनी त्याला उकरून काढलं होतं. डाव्या पायाची दोन बोटं गेली होती, बाकी ठीक होता.

सिंधुताईनं फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. "जागा कसा राहिला रे?" मीच विचारलं. बर्फाखाली झोप लागली की माणूस उठत नाही, एवढं ऐकून होते.

"बाया नावं सांगून राहिल्या होत्या, मावशी," तो म्हणाला. "वरून कुठूनतरी आवाज येऊन राहिला होता. राधा म्हणे, समीक्षा म्हणे. मी त्याच्या मागं मागं म्हणत राहिलो. झोप आली का पुढचं नाव ये. शेवटी हर्षा म्हणलं, अन् वरून फावडं लागलं." मग त्यानं विचारलं, "आई, हे हर्षा कोण? आपल्या टोलीत तं कोणी हर्षा नाही."

सिंधुताईनं पदरात तोंड घालून हंबरडा फोडला आणि मग ती हसायला लागली. मीही. तांदळाचं सूप उलटं झालं.

होळीच्या आधी तो सुट्टीवर आला. लंगडत होता, गालाची कातडी काळवंडलेली, पण भाकरी दोघांच्या वाटची खात होता. माणिकभाऊंनी टोलीला बुंदी वाटली. समितीतल्या एक-दोघांनी स्मृतिस्तंभावर जिवंत बायांची नावं शोभत नाहीत म्हणून कुरकुर केली. "ज्याले वाचायचं नसन त्यानं वाचू नये," सिंधुताई म्हणाली, आणि विषय संपला. मला तर तो दगड आता आवडायला लागला होता. आमच्या बायांची नावं रेशन कार्डाशिवाय आणखी कुठं लिहिलेली मी पाहिली नव्हती.

सुट्टी संपायच्या सकाळी अंकुरनं दगड बघायचा म्हटलं. तिघंच गेलो. वरच्या चार नावांना त्यानं सलाम केला, मग एकेक नाव बोटानं वाचत खाली आला आणि हर्षापाशी थांबला.

"मावशी, याच्याखाली पहिलेपासून जागा होती?"

मी खाली बघितलं. हर्षाचं नाव सिमेंटला टेकून लिहिलं होतं मी, माझ्या बोटांवर अजून खपल्या होत्या. आता नाव आणि सिमेंट यांच्यामध्ये दोन-अडीच वीत काळा दगड होता. चौथरा कुठं तडकला नव्हता. दगड सरळ वर आला होता, जमिनीतून ऊस वर यावा तसा.

गाडायचा भाग कुणी घासत नाही. तो ओबडधोबडच ठेवतात, म्हणजे सिमेंट धरतं. या दगडाचा तळ तसाच होता, वडिलांनी तो खड्ड्यात उतरवला तेव्हा मी बघितला होता. आता वर आलेल्या भागाला पॉलिश होतं. त्यात आम्हा तिघांचे चेहरे दिसत होते.

अंकुर बराच वेळ ती जागा नजरेनं मोजत राहिला. "माह्या चौकीवरचे सगळे बसतीन याच्यात," तो हळूच म्हणाला.

सिंधुताईनं पदर खोचला. "बाया सरल्या का दुनियेतल्या? टोलीतल्या झाल्या, सेक्टर दोनमधल्या आणीन. बोरसीतल्या आणीन. गाड्या भरभरून आणीन. याले कितीक वर यायचं हाय ते येऊ दे. वंदना, सामान काढ."

मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की भीतीला जागाच राहिली नाही. मी दुकानातून मशीन आणलं, पट्टी आणली, पेन्सिल आणली. कोरण्याआधी आम्ही दगडावर पेन्सिलीनं आडव्या रेघा मारून घेतो, म्हणजे अक्षरं एका ओळीत बसतात. मी चौथऱ्यावर गुडघे टेकले आणि पट्टी लावली.

रेघा आधीच मारलेल्या होत्या. अगदी बारीक, समान अंतरावर, मी ठेवते तेवढ्याच अंतरावर. ओलं फडकं फिरवलं, गेल्या नाहीत.

"कोणाचं नाव लिहू पहिलं, ताई?" मी विचारलं आणि बिट बसवला. सगळ्यात खालची रेघ सिमेंटच्या आतून अजून वर येतच होती.